झुहुराच्या खोलीची भिंत

शेजारच्या मसूदने आपल्या वरच्या मजल्यावर पैसे देऊन उतरणाऱ्या पाहुण्यांसाठी तीन न्हाणीघरं बांधली आणि सहा महिन्यांच्या आत खाली काझिजाबीच्या घरात तिच्या लेकीच्या, झुहुराच्या खोलीचं छत पलंगावर आलं. सगळं नाही, पलंगापुरतंच. पण ते नेमकं पलंगापुरतं यावं याचाच काझिजाबीला जास्त संताप आला. झांझिबारच्या जुन्या दगडी शहरात लग्न झालं की नवरानवरी पहिले सात दिवस मुलीच्या घरी, मुलीच्याच खोलीत काढतात. झुहुराचं लग्न चार महिन्यांवर आलेलं. घरात खोल्या दोनच, त्यातल्या एकीत चूल.

खारफुटीचे वासे कुजून काळे पडले होते. भिंतीचे हाल त्याहून वाईट. प्रवाळी दगडाची दीड हात जाड भिंत ती, आणि दोन्ही घरांत मिळून एकच: अलीकडे झुहुराची खोली, पलीकडे मसूदचा जिना. हात लावला की तळवा ओला होई आणि गिलाव्याचे पापुद्रे खाली येत. मकामे गवंडी येऊन बघून गेला. वासे, छत, भिंत आणि मजुरी मिळून अठरा लाख शिलिंग, म्हणाला.

काझिजाबी तो आकडा घेऊन तडक मसूदकडे गेली. तो दारासमोरच्या दगडी ओट्यावर कॉफी पीत बसला होता, भोवती गल्लीतले चार म्हातारे.

"मसूद, तुझं पाणी माझ्या घरात उतरलंय. पोरीची खोली गेली. अठरा लाख खर्च आहे, तो तू द्यायचास."

"पाण्यावर माझं नाव लिहिलंय का, काझिजाबी?"

"वरून आलं म्हणजे तुझंच."

"वरून पाऊसही येतो. त्याच्याकडे मागा की!" म्हातारे हसले, तसा मसूदला आणखी चेव आला. "आणि भिंतीचं म्हणाल, तर ती तुमच्या वुआई गवंड्याने लिंपलेली. तो गेला, त्याचा चुनाही गेला. उगाच मला कशाला धरता?"

पैसे नाही दिले हे काझिजाबी एक वेळ विसरली असती. पण तीन वर्षांपूर्वी गेलेल्या नवऱ्याच्या हाताला चार माणसांत नाव ठेवलं, हे तिच्या काळजात रुतून बसलं. अर्ध्या शहराच्या भिंती वुआईने लिंपल्या होत्या आणि त्यातली एक तरी पडल्याचं कुणी सांगावं! घरी येऊन तिने पेटी उपसली, अंगाला गुंडाळायच्या कापडांतला, शेजाऱ्यांना टोमणा मारणारी ओळ छापलेला सगळ्यात जहाल कांगा शोधला आणि मसूदच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर वाळत टाकला. तो तिथे पंधरा दिवस वाळत होता.

मग तिने हातातल्या सोन्याच्या बांगड्या विकल्या, वासे बदलले, छत घातलं. राहिली भिंत. भिंतीची चिंता तिला नव्हती. मागच्या अंगणात फळ्यांखाली चुन्याचा खड्डा होता. वुआईने मरायच्या आधी भिजवलेला शेवटचा चुना, तीन वर्षं पाण्याखाली मुरून लोण्यासारखा झालेला. "हा झुहुराच्या खोलीला," असं तो खाटेवरून सांगून गेला होता. भिंत वाळली की लावायचा, एवढंच बाकी होतं.

महिन्याभराने मसूद स्वतःच्या पायाने दारात आला. पाहुणे जिन्यातल्या कुबट वासाने पळून जात होते. नळ त्याने गुपचूप बदलून घेतले होते, म्हणजे पाणी कुणाचं होतं ते आपोआपच कबूल झालं. पण तोंडाने बोलेल तर तो मसूद कसला!

"काझिजाबी, एक विचारायचं होतं. जिन्याची भिंत लिंपायची आहे. मकामे म्हणतो चुनाच लाव. मला वाटतं, काम लांबवायला म्हणतोय. सिमेंट दोन दिवसांत होतं. वुआईच्या हाताखाली लिंपण्यात तुमचं आयुष्य गेलंय. काय लावू?"

काझिजाबी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. या शहरातल्या दगडाला सिमेंट फासलं की भिंतीचं तोंड बंद होतं, आतलं पाणी आतच राहतं, दगड आतून भुसभुशीत होतो आणि एका मोठ्या पावसात भिंत फुगून फुटते. वुआईने हे तिला शंभरदा तरी सांगितलं असेल. आपली बाजू चुन्याची राहील, तिला काही होणार नाही. फुटेल ती मसूदची.

"सिमेंट लाव, बाळा," ती गोड आवाजात म्हणाली. "चुन्यात आता काय राहिलंय? तूच म्हणाला होतास ना."

मसूद खाली मान घालून गेला. जिन्यात सिमेंटची पोती चढताना तिने दारात उभं राहून मोजली. नंतर रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती जिन्याच्या तोंडाशी उभी राही, ती करडी, गुळगुळीत भिंत बघे आणि मनात म्हणे, फुग मेले, फुग! कित्येक दिवसांत तिला चहा इतका गोड लागला नव्हता.

लग्नाच्या गाद्या आणायला ती बहिणीकडे पेंबा बेटावर गेली, आठ दिवस राहिली. परतली तेव्हा झुहुरा उड्या मारत धक्क्यावर आली होती. "आई, डोळे मिटून चल!"

झुहुराच्या खोलीची भिंत करडी, गुळगुळीत झाली होती. वरपासून खालपर्यंत सिमेंट.

मसूद हलव्याचा डबा घेऊन उभा होता. "उशीर झाला, काझिजाबी, माफ करा. मी चार लोकांत तुम्हाला वाट्टेल ते बोललो आणि तुम्ही मला सरळ मनाने सल्ला दिलात. मला झोप येईना. सगळा खर्च माझा. वाशांचे पैसेही देतो."

काझिजाबीने मकामेकडे पाहिलं. त्याने हात झटकले. "मी दोनदा म्हटलं, चुना लावू या. हा म्हणाला, वुआईच्या बायकोपेक्षा तुला जास्त कळतं का? मग मी काय बोलणार?"

तिने हलव्याचा डबा तसाच खाली ठेवला. झुहुरा त्याच भिंतीला टेकून पलंग कुठे ठेवायचा ते बोटाने दाखवत होती. आपल्या बाजूचं सिमेंट फोडून काढलं तरी मसूदची बाजू बंदच, म्हणजे सगळ्या भिंतीचं पाणी इकडेच येणार. आणि जिन्याची भिंत फुटली तर ती काय मसूदकडेच पडेल? रागाच्या भरात हे तिला सुचलंच नव्हतं. लग्न सहा आठवड्यांवर होतं आणि त्याच सुमाराला मोठा पाऊस.

ती ओट्यावर गेली. तेच चार म्हातारे, तीच कॉफी. मसूद मागोमाग आला.

"सिमेंटने भिंत मरते," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं. तुझी भिंत फुटावी म्हणून मी खोटं सांगितलं."

कुणीच हसलं नाही. मसूदचा चेहरा काळवंडला.

"परत सांगा. या म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतं."

तिने परत सांगितलं, मोठ्याने.

"आणि रोज सकाळी माझ्या जिन्यात चहा पीत उभ्या राहायचात, ते?"

"बघायला, फुगली का."

एका म्हाताऱ्याच्या घशात कॉफी अडकली. मसूदने मकामेला हाक मारली. "दोन्ही बाजू फोड. सुकू दे. चुना आहे का कुठे मुरलेला?"

मकामेने काझिजाबीकडे पाहिलं. बाजारात ताजा चुना मिळाला असता, पण तो मुरायला निदान तीन महिने.

"आहे," ती म्हणाली. "वुआईचा."

"दोन्ही बाजूंना पुरेल?"

"पातळ हाताने लावला तर पुरेल," मकामे म्हणाला.

"मग आधी माझा जिना," मसूद म्हणाला. "आणि मकामे नाही लावणार. ज्यांनी सल्ला दिला त्याच लावतील."

तीन आठवड्यांनी तिने अंगणातल्या फळ्या उचलल्या. झुहुराच्या खोलीसाठी ठेवलेल्या चुन्याची पहिली बादली मसूदच्या जिन्यात चढली. काझिजाबीने पदर खोचावा तसा कांगा कमरेला घट्ट बांधला आणि वुआईची थापी हातात घेतली. तो कांगा तिने मुद्दाम तोच, टोमण्याचा, नेसला होता.

मसूद वरच्या पायरीवर खुर्ची टाकून बसला होता. "कोपरे नीट भरा हं, काझिजाबी. कच्चं काम केलंत तरी चालेल मला. पलीकडे तुमचीच पोर झोपणार आहे."

ती थापी त्याच्या तोंडावर फेकावी असं तिला फार वाटलं. तिने दातओठ खाल्ले, बादलीतून चुना घेतला आणि आयुष्यात कधी लिंपला नसेल इतका नीट, अगदी कोपऱ्यापर्यंत लिंपला.