तातांच्या रेडिओत शिरलेला मी

मी बोलतोय. वर काय बघताय, खाली बघा. बोटाएवढा काळा डबा, शेपटीसारखी वायर, पोटात एक सेल. मला एफएम ट्रान्समीटर म्हणतात. नाव कसं इंजिनासारखं, आणि जीव चिमणीएवढा. हसा तुम्ही. त्या संध्याकाळी माझ्या जागी असता तर तुमचीही वायर थरथरली असती.

माझा जन्म कुठं झाला ते पाठीवर बारीक अक्षरात छापलं होतं, पण ते घासून गेलंय. मला आणलं विजयेंद्र अण्णांनी. त्यांच्या जुन्या गाडीत नुसता रेडिओ होता आणि अण्णांकडं गाण्यांनी भरलेला खिशातला प्लेअर होता. त्या दोघांचं जुळत नव्हतं. मी मधला माणूस. प्लेअर वायरीतून गाणं माझ्या कानात सांगायचा, मी ते हवेत सोडायचो, आणि गाडीचा रेडिओ ते झेलायचा. माझा आवाज जातो किती? फार तर अंगणाच्या फाटकापर्यंत. म्हणून मला रेडिओवरची मोकळी जागा शोधून द्यायची असते. चालू स्टेशनच्या आकड्यावर मला बसवलं, तर जवळच्या रेडिओत स्टेशन दबतं आणि मीच वाजतो. अण्णांनी असं कधी केलं नाही. सज्जन माणूस.

मग नवी गाडी आली. तिला वायर लागत नाही म्हणे. मी आणि प्लेअर दोघं ड्रॉवरमध्ये गेलो. एका बाजूला सुटे स्क्रू, दुसऱ्या बाजूला वाळकं फेविकॉल. बरं चाललं होतं.

तिथून आम्हा दोघांना उचललं रघूत्तमनं, अण्णांच्या पोरानं. दहावीत दुसऱ्यांदा बसलेला. शाळेत डोकं चालत नाही, पण वांडपणात असं चालतं की बघत राहावं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून त्यानं माझ्या पोटात घातला आणि म्हणाला, "ऊठ मगा, काम आहे." मगा म्हणजे कन्नडात पोरा.

काम म्हणजे तातांचा रेडिओ.

ताता म्हणजे रघूचे आजोबा, व्यासराज. सगळा जन्म शहरातल्या जुन्या नजरबाद भागात गेला, आता मुलाबरोबर शहराबाहेरच्या हूटगळ्ळीत, नव्या घरात. टीव्हीवर त्यांचा विश्वास नाही, फोनवर तर मुळीच नाही. शेजारी म्हणाला पाऊस येणार, तर म्हणायचे, "रेडिओत सांगितलं का?" रेडिओत सांगितलं की उन्हातही छत्री घेणार. हातात मावेल एवढा तो रेडिओ, एकाच स्टेशनवर लावलेला, न्हाणीघर सोडून सगळीकडं त्यांच्याबरोबर.

रघूनं मला त्याच आकड्यावर बसवलं. पहिल्या दिवशी भजनात एक ढेकर दिली. तातांनी रेडिओला दोन थापट्या मारल्या. रघू आणि त्याची बहीण सहना पलंगामागं तोंडात उशी कोंबून हसत होते. मीही हसलो असतो, पण मला भीती वाटत होती. दुसऱ्याच्या घरात चोरून शिरल्यासारखं वाटत होतं हो.

मग आला तो शुक्रवार. रघूची हिनकलला गणिताची ट्यूशन, त्यातून परीक्षा. त्याला जायचं नव्हतं. त्यानं टॉवेल तोंडाशी धरून, बातम्यांसारखा जाडा आवाज काढून, कन्नडात प्लेअरमध्ये रेकॉर्ड केलं. हूटगळ्ळीच्या रिकाम्या लेआउटमध्ये चिरते दिसलं आहे. दारं लावून घ्या. अजिबात आवाज करू नका. पुढची सूचना रेडिओवरच मिळेल.

चिरते म्हणजे बिबट्या, आणि लेआउट म्हणजे प्लॉट पाडलेली नवी वसाहत. आमच्या घरात बिबट्या कुणी म्हणत नाही. या बाजूला चिरते अधूनमधून खरंच येतं, म्हणून कुणी हसतही नाही.

मी ते तातांच्या रेडिओत सोडलं. काय करणार? वायरीतून आलं की सोडायचं, एवढंच मला येतं.

ताता उठून उभे राहिले. "रघू! कुठं जायचं नाही आज! सुम्ने, गप घरात बस!"

"पण ताता, ट्यूशन..." बदमाश म्हणाला आणि आम्हाला खिशात टाकून गच्चीवर नाचायला पळाला.

एक गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नव्हती. आजी मारुतीच्या देवळात गेली होती. आणि देवळाची पायवाट त्या रिकाम्या लेआउटमधूनच जाते.

रघू खाली आला तेव्हा फाटक सताड उघडं. तातांची काठी नाही, रेडिओ नाही, ताता नाहीत. टेबलावर त्यांचा दम्याचा पंप मात्र तसाच.

तेवढ्यात आजी आली, जयलक्ष्मी आजी. मोठ्या रस्त्यानं, रिक्षातून. "अय्यो, फाटक का उघडं? हे कुठं गेले?" मग तिला पंप दिसला आणि ती मटकन खुर्चीत बसली. "पंप इथंच आहे की रे! आता तर जिना चढूनसुद्धा दम लागतो त्यांना."

रघूच्या खिशात मी होतो. त्यानं मला मुठीत घट्ट दाबलं.

सहनानं पंप उचलला आणि तिघं लेआउटकडं धावले. ऊन उतरलेलं, अर्धवट बांधलेली घरं, दारं नाहीत, खिडक्या नाहीत, कमरेएवढं गवत. "ताता! ताताऽ!" सहनाचा घसा बसला. आजी नवऱ्याला नावानं हाक मारत नाही, ती नुसती "अहो, अहो" करत फिरत होती. कुठूनच ओ नाही.

"ऐकू तर चांगलं येतं त्यांना," आजी म्हणाली. "ओ का देत नाहीत?" तिचा आवाज फाटला.

रघू जागच्या जागी थांबला. "आजी, ते देणार नाहीत ओ. आवाज करू नका म्हणून रेडिओत सांगितलंय."

"तुला काय माहीत?"

"मीच सांगितलं." त्यानं मला बाहेर काढून दाखवलं. "चिरते नाहीच. मीच बोललो."

मला वाटलं, संपलं. आता म्हातारी मला दगडाखाली ठेचणार. आजीनं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं.

"मग आता तूच सांग त्यांना, बोला म्हणून," ती म्हणाली. "तुझ्या त्या रेडिओतून सांग. माझं कुठं ऐकतात ते?"

रघूनं प्लेअर तोंडाशी धरला. जाडा आवाज निघेना, नुसते हुंदके. सहना खेकसली, "रडका बातमीवाला कोण ऐकणार? नाक पूस, परत बोल!" त्यानं नाक पुसलं. परत बोलला. चिरते पकडलं आहे. भिऊ नका. जिथं आहात तिथून आवाज द्या, ताता, आवाज द्या.

मग तेच परत परत वाजत ठेवून, मला डोक्यावर धरून तो घराघराशी फिरायला लागला. माझा आवाज तो केवढासा! सेल घड्याळात झिजून आलेला, माझा लाल दिवा विझत आलेला. एका घरात गवंड्यांची चूल. दुसऱ्यात कुत्री व्यालेली, ती अंगावर आली. मी ओरडत होतो आणि ऐकायला कुणी रेडिओच नव्हता. असली भीती मी जन्मात पाहिली नाही.

तिसऱ्या घराशी गेलो आणि वरून रघूचाच आवाज आला. जाडा, खरखरता, रेडिओतला. त्यामागून सिमेंटवर काठी आपटल्याचा आवाज, ठक, ठक.

कठडा नसलेल्या जिन्यावरून तिघं वर पळाले. सिमेंटच्या पोत्यांमागं ताता बसले होते. काठी मांडीवर आडवी, रेडिओ कानाला, ओठ निळे, छातीत शिट्टी वाजतेय. सहनानं पंप तोंडात दिला. एकदा. पुन्हा एकदा. हळूहळू शिट्टी बारीक झाली.

"जया... सापडली का?" पहिला शब्द तोच.

"इथंच आहे की मी," आजी म्हणाली. "मला कुठलं चिरते खातंय!" आणि पदर तोंडात घालून रडायला लागली.

रघू प्लेअर बंद करायला विसरला होता. तातांच्या हातातला रेडिओ बोलतच होता. आवाज द्या, आवाज द्या, ताता, आवाज द्या.

रेडिओ कधी कुणाला ताता म्हणतो? तातांनी रेडिओकडं बघितलं. मग रघूच्या हाताकडं, वायरीकडं, माझ्याकडं. बटण फिरवून रेडिओ बंद केला. इतक्या वर्षांत तो रेडिओ मध्येच कुणी बंद केलेला मी ऐकला नव्हता.

अण्णांनी रघूला काय केलं ते विचारू नका. मला कचऱ्यात टाकणार होते, पण तातांनी मागून घेतलं. स्वतःच्या हातानं माझा सेल काढला.

आता मी त्यांच्या शर्टाच्या खिशात असतो. बातम्यांची वेळ झाली की ताता मला चाचपतात, मी आहे ना, गप्प आहे ना, आणि मगच रेडिओ लावतात. मला आवाज नाही, तरी सांगतो पोरांनो, ड्रॉवरमध्ये माझा एखादा भाऊ पडला असेल तर त्याच्याकडून गाणी म्हणवून घ्या. बातमी सांगायला लावू नका. आमचा जीव लहान असतो.

कालही बातम्या संपल्या. रघू समोर हात पुढं करून उभा, दोन्ही रिकामे.

"हे खरं होतं का रे?" तातांनी विचारलं.

"खरं होतं, ताता. देवाशप्पथ मी नाही."

तातांनी त्याचे हात उलटसुलट करून बघितले. मग म्हणाले, "उद्या पेपरात बघू."