जिनवर चढलेल्या म्हशी

रमाकांतरावांच्या आजोबांनी सावरखुट्याला जिन, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, बांधली, तेव्हा त्या भागात सिमेंट-काँक्रीटची दुसरी इमारत नव्हती. पावसाळ्यात हा गारा विरघळणार अशी लोकांची खात्री होती. धामणगाव बढ्याहून माणसं खास ते बघायला येत आणि हिरमुसून परत जात. आत पाऊल टाकायला मात्र कोणी धजेना. तेव्हा आजोबांनी बाहेरून एक लांबलचक उतार बांधला आणि कापसाच्या भरल्या बंड्या बैलांसकट वरच्या मजल्यावर चढवून दाखवल्या. मग लोकांचा विश्वास बसला.

पुढे कापूस मोठ्या गावांकडे वळला. यंत्रं भंगारात गेली. जिनमध्ये मतदान झालं, मिरच्या वाळल्या, दोन वर्षं शाळा भरली, आणि शेवटी कबुतरं उरली. रमाकांतराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन बुलढाण्यात राहत होते. त्यांनी ठरवलं, इमारत पाडायची, जागेचे प्लॉट पाडायचे आणि मोकळं व्हायचं.

मलकापूरचा ठेकेदार गणेश पोकलेन घेऊन आला, त्या सकाळी वरच्या मजल्यावर म्हैस उभी होती.

"कोणाची हो ही?" रमाकांतरावांनी विचारलं.

"माही," खाली उभ्या असलेल्या अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "भुरी. गाभण हाय. रातभर वरच व्हती."

"मग उतरवा ना."

"चढली तिच्या मनानं. उतरनं बी तिच्याच मनावर हाय."

भुरी उताराच्या टोकापर्यंत येई, खाली बघे आणि मागे सरके. सरकीची ढेप दाखवली, दोर लावला, मागून चार जणांनी ढकललं. ती हलली नाही. गणेशनं डोकं चालवलं. "दुसरी म्हैस आणा. तिले पाहून ही खाली येईन." दुसरी आणली. ती सरळ वर गेली, भुरीशेजारी उभी राहिली आणि रवंथ करू लागली. मग कोणीतरी हेला, म्हणजे रेडा, आणला. तोही वर गेला. दुपारपर्यंत जिनवर तीन जनावरं होती.

जनावरांचे डॉक्टर आले. वर जाऊन भुरीला तपासलं आणि वरूनच ओरडले, "दिवस भरले आहेत. क्रेनचं नावसुद्धा काढू नका!" मग त्यांनी उताराकडे पाहिलं आणि वरच बसकण मारली. त्यांना शिडीनं उतरवावं लागलं.

"अजब आहे," रमाकांतराव म्हणाले. लहानपणी त्यांना जिनवर जायची बंदी होती. आता मालक तेच होते. ते तरातरा चढून गेले.

वर हवा छान होती. नळगंगा नदीकडचा सगळा पट्टा दिसत होता. त्यांनी समाधानानं चारीकडे पाहिलं आणि परतायला वळले. उताराच्या टोकाशी आले, खाली पाहिलं आणि भुरीसारखेच मागे सरकले. खालची बाजू एकदम खडी होती, आणि वर शेणाचा सडा. शिडी लावली, तर पहिल्याच पायरीवर त्यांना घेरी आली.

"आता कसं करता साहेब?" गणेशनं खालून विचारलं.

"थांब. विचार करतो."

संध्याकाळी घरून पत्नीचा, शरयूताईंचा फोन आला. "जेवायला येताय ना?"

"नाही. मी जिनवर आहे."

"म्हणजे?"

"उतरता येत नाही. माझ्यासोबत एक हेला आणि दोन म्हशी आहेत."

शरयूताईंनी गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "शाल आहे का?"

अन्नपूर्णाबाईंनी टोपलीला दोर बांधून भाकर-पिठलं वर पाठवलं, आणि दुधासाठी रिकामा गडवाही. "साहेब, भुरीचं दूध आटलं हाय. पन दुसरीचं जमलं तं काढून घ्या. काऊन का मी चढली तं मीबी तिथंच राहीन."

रमाकांतरावांनी आयुष्यात म्हशीला हात लावला नव्हता. म्हशीनं मोठ्या मनानं सांभाळून घेतलं.

दुसऱ्या दिवशी काहीच काम नव्हतं, म्हणून ते खाली बघत बसले. बघता बघता त्यांच्या लक्षात आलं, की काँक्रीटचा उतार जिथे संपतो, तिथून पुढे रस्त्यापर्यंत जमिनीवर एक फिकट पट्टा जातोय. म्हणजे उतार पूर्वी तिथवर होता. खालचा भाग नुसत्या मुरमाचा असणार. आणि गावात पाहावं तर घरोघरच्या अंगणात लाल मुरूम पसरलेला.

"अन्नपूर्णाबाई!" ते ओरडले. "तुमच्या अंगणातला मुरूम कुठला?"

"इथलाच!" त्या मोकळेपणानं म्हणाल्या. "सगळ्यायनं नेला. बंद पडली व्हती ना जिन."

"मग आणून टाका परत!"

गावानं जरा कुरकुर केली. पण भुरी वरून हंबरायला लागली, तशी लोकांनी कुदळी काढल्या. अंगणं खणली गेली, ट्रॅक्टर फिरले. गणेशचं पोकलेन पाडायला आलं होतं, ते मुरूम दाबत बसलं. तिसऱ्या दिवशी भुरीला वरच पारडू झालं, आणि त्याच दुपारी उतार पहिल्यासारखा लांब आणि सौम्य झाला.

आधी हेला उतरला. मग दुसरी म्हैस. मग पारडाला ढुशा देत भुरी. सगळ्यांत शेवटी रमाकांतराव, एक हात तिच्या पाठीवर ठेवून. खाली शरयूताई उभ्या होत्या. "वास येतोय तुम्हाला," त्या म्हणाल्या आणि त्यांचा हात धरला.

आठवड्यानं गणेशचा फोन आला. "साहेब, लफडं झालं. उतार भलता चांगला बनला. रोज संध्याकाळी गावातल्या साऱ्या म्हशी वर चढतात. वर मच्छर नाही ना. सकाळी आपल्या आपल्या उतरतात. रात्री गोठ्यात बांधावं तं दावं तोडून राह्यल्या. म्या मशीन कुठं लावू?"

रमाकांतरावांनी खिडकी उघडली. मग म्हणाले, "भुरी कशी आहे?"

"मजेत. तुमची जागा तिनंच धरली."

"ती कोपऱ्यातली? वाऱ्याची?"

"हाव."

"ती जागा चांगलीच आहे," रमाकांतराव म्हणाले, आणि मशीन मलकापूरला परत न्यायला सांगितलं.