शिंप्याच्या कमरेची शिवण

शिंप्याला गोडाची खरी ओढ लागली ती गोड सुटल्यावर. चहात दोन चमचे साखर पडत होती, तेव्हा तिची कधी दखलही घेतली नव्हती. आता फिका पेला ओठांना लागला की भरल्या घरातून कुणी न सांगता निघून गेल्यासारखे वाटे. पण डॉक्टरांनी निक्षून बजावले होते : साखर उतरली नाही, तर डोळ्यांवर बेतेल. दोरा ओवताना सुईचे नेढे आताच पुसट होऊ लागले होते. त्याने निमूटपणे जेवणातला पाव निम्मा केला, ताटात पालेभाजी वाढवली, बायकोबरोबर रोज नदीकाठी चालू लागला.

काही आठवड्यांत पँट सैल झाली.

"बघ, उतरलो की नाही!" कमरपट्टीत दोन बोटे घालून तो म्हणाला.

"उतरलात हो. आता कापडही कमी लागेल," बायको हसली.

त्याच भरात त्याने शेजारच्या घड्याळजीकडे गोड चहा घेतला. दुसऱ्या दिवशीही घेतला. कंबर उतरतेच आहे, मग एका पेल्याने काय आभाळ कोसळणार?

तपासणीत साखर होती तिथेच होती. वजनही तसूभर हलले नव्हते.

"पण डॉक्टर, पँट सैल होतेय!"

"काटा खोटं बोलत नाही. पँट बोलत असेल."

घरी येऊन त्याने कपडे बदलले आणि पँट उलटी केली. नजर ठरेना, म्हणून मागच्या शिवणीवरून अंगठा फिरवला. आत दुमडून सोडलेली जादा कापडाची माया जवळजवळ संपली होती. मशीनची टीप उसवून हाताने नवी शिवण घातलेली; टाका आखडता, शेवटी दुहेरी गाठ. जन्मभर त्याच्या शर्टांची काजे करणारा हात त्याने अंधारातही ओळखला असता.

"अगं, शिंप्याला टाक्यानं फसवतेस?"

बटण लावत बसलेल्या बायकोने मान वर केली नाही. "ताटावरून उपाशी नजरेनं उठायचात. म्हटलं, थोडा धीर येईल."

"आला ना! इतका आला की घड्याळजीकडे रोज गोड चहा ढोसला."

तिच्या हातातली सुई थांबली. "म्हणजे तुमच्या डोळ्यांचं मीच..."

"छे. तू पँट उसवलीस. चहा मी प्यालो."

तो मशीनवर बसला आणि कंबर पुन्हा जुन्या मापाला आणली. घातली, तेव्हा हूक कसाबसा लागला, श्वास आखडला. तसाच तो तिच्याबरोबर चालायला निघाला.

पाण्यावर उन्हे कलत होती. चालता चालता त्याने विचारले, "तूही गोड सोडलंस. आठवण येत नाही?"

"येते की. तुमच्यासमोर खाववत नाही, आणि तुमच्यामागं गोड लागत नाही."

कमरपट्टी पोटात रुतत होती. त्याने पाऊल लांब टाकले, तिनेही.