नावं गोळा करणारी ओळ

मी एक जुनी ओळ आहे, मित्रांनो. औंधजवळच्या एका गावाच्या वेबसाईटमागे कोड म्हणून जे लिखाण दडलेलं असतं, त्यात मी राहते. तुम्हाला मी कधी दिसणार नाही.

फौजेत वायरलेसवर हयात घालवलेल्या नाथाजींनी मला वीस वर्षांपूर्वी लिहिलं. गावचे वीस जवान सीमेवर कामी आलेले. एकाच लांबलचक पानावर सगळ्यांचे फोटो आणि हकिगती. पोथीत मोरपीस ठेवावं तशी नाथाजींनी प्रत्येक नावापाशी एक खूण ठेवली. त्या खुणा वेचून वर यादी मांडायची, हे माझं काम.

पूर्वी पंधरा ऑगस्टला ही नावं कागदावरून वाचत. एखादं राहिलं की दोन घरांत वर्षभर बोलणं बंद. मी आले आणि गावानं ठरवलं, पडद्यावर येईल तीच यादी खरी. नाव वाचलं की त्या घरचं माणूस उभं राही आणि सारं गाव त्याला सलाम करी. माझं लय कौतुक झालं. ते मला आवडायचं, खोटं कशाला बोलू?

नाथाजी वारले. नव्या तऱ्हेच्या खुणा आल्या. असल्या जुन्या ओळी आता वापरू नका, असं जाणकार सांगू लागले. पण मी चालत होते, म्हणून मला कोणी काढलं नाही.

मग बनुबाईचा एकुलता एक दिग्विजय सीमेवर पहाऱ्यावर असताना बर्फाचा कडा कोसळून गेला. नाथाजींची नात शिवांजली पुण्यात कॉम्प्युटरचं काम करते. तिनं त्याचा फोटो आणि हकिगत पानावर मनापासून घातली आणि शिकली होती तशी नव्या तऱ्हेची खूण ठेवली. मला जुनीच खूण दिसते. नवी दिसत नाही, आणि दिसत नाही हे सांगायची सोयही माझ्यात नाही.

पंधरा ऑगस्टला बनुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसली. ग्रामपंचायतीचे आप्पासो पडद्यावरून वाचत गेले. वीस नावं झाली आणि ते थांबले.

“आप्पासो, माझ्या दिग्विजयचं ऱ्हायलं न्हवं?”

“आवं आक्का, यादीत न्हाई. यादीभायेरचं मी कसं वाचू?”

“गोळीनं न्हाई गेला, म्हून धरला न्हाई व्हय?”

आप्पासोंनी माईक बंद केला. दिग्विजयचा फोटो त्याच पानाच्या तळाशी होता. पान खाली सरकवून कोणी पाहिलं नाही. मला ओरडता येत असतं, तर मी ओरडले असते. आपल्या लेकाचं मरण कुणी मोजलंच नाही, असं बनुबाईच्या मनानं घेतलं. दिवाळीच्या आधी तीही गेली आणि घराला कुलूप लागलं.

सुट्टीला आलेल्या शिवांजलीला सगळं कळलं. ती रडली आणि पाच मिनिटांत तिनं जुनी खूण घातली. काम तेवढंच होतं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. जुन्या वस्तूवर विसंबण्याआधी तिचं काम नीट चालतंय का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. चालत नसेल तर तिला काढून टाका. मला अजून कोणी काढलेलं नाही.

यंदा एकवीस नावं वाचली. शेवटचं नाव आप्पासोंनी मोठ्यानं उच्चारलं, “दिग्विजय!” आणि ते थांबून राहिले. कोणी उभं राहिलं नाही.