उजव्या पायाचा दाखला

मावशीने फरशीवर पांढरी चिकटपट्टी लावली आणि कर्णधाराला तिच्यामागे अनवाणी उभं केलं.

"उजव्या पायावर. मार उडी."

"आत्ता? बाहेर सगळे पत्रकार येऊन बसलेत."

"बसू देत. खुर्च्या बऱ्या आहेत."

कर्णधाराने इस्त्रीच्या पँटचे पाय वर दुमडले आणि उडी मारली. मावशीने गुडघे टेकून टाचेपर्यंतचं अंतर मोजलं. एकशे बेचाळीस सेंटीमीटर. मग डावा पाय. एकशे चाळीस.

मावशी ही फुटबॉल संघाची फिजिओ. नात्याने ती कुणाचीच मावशी नव्हती, पण अकरा वर्षांत तेच नाव साऱ्या मुलींच्या तोंडी बसलं होतं. तीन दिवस तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. अंतिम सामन्याच्या सकाळी हीच चाचणी तिने कर्णधाराच्या उजव्या घोट्याची पट्टी न काढता घेतली होती. बस खाली उभी होती, घाई होती. पट्टीचा आधार असला की दुखरा पायही चांगली उडी मारतो, हे तिला शिकाऊ होती तेव्हापासून ठाऊक. तरी तिने 'खेळण्यास योग्य' असं लिहून सही ठोकली.

शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली. कर्णधाराने चेंडू जागेवर ठेवला आणि दोन पावलं मागे जाऊन धाकटीला हाक मारली. धाकटी म्हणजे संघातली सगळ्यांत लहान, एकोणीस वर्षांची. तिचा फटका खांबाला लागून बाहेर गेला आणि सामनाही गेला. तेव्हापासून लोक कर्णधाराला पळपुटी म्हणत होते. तिच्या घराच्या दोन काचा फुटल्या होत्या. धाकटीलाही कुणी सोडलं नव्हतं.

"दोन्ही पाय सारखे," कर्णधार मोजे चढवत म्हणाली. "झालं समाधान?"

"तीन दिवसांत पाय सुधारतो. आजच्या आकड्यावरून त्या दिवसाचं काही कळत नाही." मावशीने टेप गुंडाळली. "मी पट्टीसकट मोजलं होतं. ते बाहेर सांगणार आहे मी."

"माझा पाय दुखत नव्हता."

तेवढ्यात दार ढकलून मॅनेजर आत आले.

"कर्णधारपदाचा राजीनामा देतेच आहेस, तर जरा मान राखून दे. घोटा दुखावला होता, इतकंच म्हण. मॅडम, तुम्ही तशा दोन ओळी लिहून द्या. पाय गेला म्हटलं की लोक लगेच मायाळू होतात."

"पाय कुठे गेलाय?" मावशी म्हणाली.

"अहो, बोलायची पद्धत. पाच मिनिटांत येतो."

दार लागलं. मावशीने कोरा कागद पुढे ओढला, पण पेनचं टोपण काढलं नाही.

"माझी नोकरी जाऊ नये म्हणून म्हणतेस ना, दुखत नव्हता म्हणून?"

कर्णधाराला हसू आलं. "तुझ्या नोकरीसाठी मी जगासमोर भित्री ठरेन? एवढी काही मी चांगली नाही गं."

मग ती बुटाची नाडी बांधू लागली. बांधून झाली, ती सोडून पुन्हा बांधली.

"चेंडू ठेवला आणि मान वर केली, तर मला गोलच दिसेना. नुसती माणसं दिसली. तिने मागितला नव्हता फटका. मीच म्हटलं, तू मार."

मावशीने टेपची गुंडाळी बाजूला ठेवली.

"काल तिने माझी माफी मागितली. रडत होती. तिला वाटतंय, ताईचा पाय दुखत होता, ताईने विश्वासाने दिलं आणि आपण घालवलं. आता तू तो कागद लिहिलास, तर ती जन्मभर तेच धरून बसेल."

मावशीने पेनचं टोपण काढलं. दोन ओळी लिहिल्या, तारीख घातली, सही केली. मॅनेजर परत आले तेव्हा कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मोठ्याने वाचला.

"'सामन्याआधीची चाचणी पट्टी न काढता घेतली, ही माझी चूक. पाय दुखत असल्याची खेळाडूची तक्रार नव्हती.' मॅडम, हे काय? तुम्हीही बुडणार आणि तिलाही बुडवणार."

"खरं तेवढंच आहे."

"आणि मी वर काय सांगू?"

"हेच वाचून दाखवा. अक्षर चांगलं आहे माझं."

सभागृहात कर्णधाराने पहिलं वाक्य न अडखळता वाचलं: "त्या दिवशी मी घाबरले, आणि माझं काम दुसऱ्या मुलीवर ढकललं." कॅमेरे खटाखट वाजले. दाराशी उभ्या असलेल्या मावशीला पुढच्या रांगेतले पत्रकार एकमेकांकडे बघताना दिसले. ओरडायच्या तयारीने आलेली माणसं नुसती लिहून घेत होती. 'कर्णधारपद सोडते आहे' इथे मात्र कर्णधार अडखळली. ती थांबली, पाणी प्यायली आणि तेच वाक्य तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एकही प्रश्न न घेता ती उठली.

दोघी मागच्या जिन्यावर येऊन बसल्या. मावशीने कर्णधाराचा हात हातात घेतला नाही. नुसती शेजारी सरकून बसली.

कर्णधाराचा फोन वाजला. पडद्यावर धाकटीचं नाव होतं.

"तिने बघितलं असणार," कर्णधार म्हणाली.

"हं."

"आता चिडेल ती माझ्यावर. चिडायलाच हवी."

रिंग वाजत राहिली. कर्णधार फोनकडे नुसती बघत होती. मावशीने हात पुढे केला. "दे इकडे. मी सांगते तिला, ताई नंतर बोलेल म्हणून."

कर्णधाराने फोन तिच्यापासून लांब धरला, एकदा श्वास घेतला आणि कानाला लावला.

"बोल," ती म्हणाली.