पान एक्केचाळीस ते सत्तेचाळीस

माझ्या प्रबंधाचं अख्खं तिसरं प्रकरण आमच्या निवृत्त सरांच्या एका जुन्या शोधनिबंधावर उभं होतं, आणि तो मी वाचलाच नव्हता. इतरांच्या संदर्भसूचीतून उतरवून घेतला होता, सगळे घेतात तसा. परीक्षकांनी मूळ प्रत मागितली तेव्हा माझी पाचावर धारण बसली.

ग्रंथपालबाईंनी अंक काढून दिला. वर्ष बरोबर, अंक बरोबर. पण एक्केचाळिसाव्या पानावर गांडुळांवरचा लेख!

"तीस वर्षांत हा अंक कुणी मागितलेलाच नाही," बाई म्हणाल्या.

मग ज्या साठ जणांनी आपापल्या लेखांत त्याचा संदर्भ दिला होता, त्यांनी तो वाचला कुठे, डोंबल? डोकंच चालेना. तडक सरांचं घर गाठलं. ते कुंडीतली माती उकरत होते.

"सर, तुमचा निबंध आहे तरी कुठे?"

"तो होय? संपादकांनी पानं राखून ठेवली होती, म्हणून माझ्या आधीच्या लेखात त्याचा संदर्भ देऊन टाकला. मग लिहायचं राहूनच गेलं."

साठ जणांनी त्यातला निष्कर्ष सांगितला होता. दोघांनी तर तो खोडूनही काढला होता.

सरांनी हात झटकले आणि खुर्ची जवळ ओढली.

"बरं झालं आलीस. मला सांग, काय निघालं होतं गं त्यात?"