ओल्या भिंतीला चुना

ही गोष्ट १९८१ सालची. पोळा सरला होता, बायका तीजेला, म्हणजे हरितालिकेला, माहेरी निघाल्या होत्या, आणि खैरबोडीच्या टेकडीचा निकाल तीजेच्या दुसऱ्या दिवशी लागणार होता.

खैरबोडी अड्याळच्या बाजूचं गाव. गावामागं बुटकी टेकडी, तिच्या कुशीत झिरा, आणि झिऱ्यामागं बारा महिने पाझरणारी काळ्या दगडाची भिंत. पाऊस दगा देई तेव्हाही त्या पाण्यावर गावातल्या कुंताबाईच्या बांधीतलं, भाताच्या खाचरातलं, धान तगून राही. आता ती टेकडी टेकचंद ठेकेदाराला गिट्टीसाठी द्यायचं घाटत होतं. टेकडी फुटली की झिरा गेला, आणि झिऱ्यासोबत बांधी. अर्ज झाले, हातापाया पडून झालं. कोणी ऐकेना.

भंडाऱ्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या सुलोचनाबाई दोन पावसाळे गावात येत होत्या. जिल्ह्यात दुर्मिळ शेवाळं, लव्हाळे आणि रानातल्या गोगलगायी कुठं कुठं उरल्या आहेत, याची त्या पाहणी करत. अड्याळला एसटीतून उतरायच्या आणि चिखल तुडवत यायच्या. सोबतीला कुंताबाई.

“मॅडम, मायबापानं याच्यासाठी शिकवलं का तुमाले? गोगलगायीच्या मागं फिरायले?”

“गोगलगाय हळू चालते, म्हणून सापडते तरी. मुलगा बघायला गेलं की तो पळून जातो.”

“काहून नाई पळन? तुमी त्याच्यावर भिंग धरत असान!”

दोघी हसून हसून झिऱ्याकाठी बसून घेत.

श्रावणात सुलोचनाबाईंना त्या भिंतीवरच्या शेवाळात तांदळाच्या कणीएवढी गोगलगाय दिसली. शंखाचा पीळ डावीकडं. आसपासच्या कुठल्याच टेकडीवर तशी सापडली नाही. त्यांनी वनखात्याच्या साहेबांना गाठलं. साहेब म्हणाले, “जागेवर जिवंत दाखवा. टेकडी वगळा, असं मी लिहितो.”

कुंताबाईला त्या क्षणी झिरा वाचल्यासारखाच वाटला.

“पण कुणाला बोलू नका,” सुलोचनाबाई म्हणाल्या. “टेकचंदच्या कानावर गेलं तर तो एका फावड्यात भिंत खरवडून टाकेल.”

“माह्या नवऱ्यालेबी नाई सांगत.”

आणि तिनं खरंच सांगितलं नाही. गावाला एवढंच ठाऊक होतं, की मॅडमच्या शब्दाखातर मोठे साहेब तीजेच्या दुसऱ्या दिवशी झिरा पाहायला येणार आहेत.

तीजेला कुंताबाई लाखांदूरला माहेरी गेली. उपास सोडला आणि पहिल्या एसटीनं परतली. बांधावरून तिनं वर पाहिलं तर टेकडीच्या कुशीत काहीतरी पांढरं चमकत होतं. ती धावत सुटली.

भिंत वरपासून खालपर्यंत चुन्यानं रंगवली होती. खाली गेरूचा पट्टा. शेवाळ खरवडून टोपल्यांत भरलेलं. झिऱ्याकाठचे लव्हाळे मुळासकट उपटलेले. तिचा नवरा घनश्याम हातात कुंचा घेऊन हसत उभा होता, आणि शेजारी पांढरी टोपी घातलेले सरपंच पुंडलिकराव.

“हे कायले केलं?”

“कायले म्हंजे? साहेब येऊन राहिले अन् दगडावर शेवाळ?” पुंडलिकराव म्हणाले. “गावाची अब्रू जाईन ना! पोळ्याचा उरलेला चुना होता, घरोघरून गोळा केला.”

“तुया मॅडमचा मान राखाले केलं ना वं,” घनश्याम म्हणाला.

कुंताबाईनं टोपली उपडी केली आणि शेवाळाचा एकेक गोळा फोडू लागली. शंख सापडत होते. सगळे चुन्यात माखलेले, रिकामे. तिनं लुगड्याचा पदर भिजवून भिंत पुसली. बोटांची सालं निघाली. घनश्यामला कारण कळलं तेव्हा तोही गुडघ्यावर बसला. मग पुंडलिकराव. मग अर्धं गाव. सुलोचनाबाई आल्या त्या भिंग घेऊन भिंतीला चिकटल्या. रागावल्या नाहीत. रागवायला वेळच नव्हता.

साहेबांची जीप खाली थांबली तेवढ्यात एका खाचेत कुंताबाईला एक शंख सापडला. रिकामा नव्हता. आत काहीतरी ओलं होतं. तिनं तो तळहातावर घेतला, झिऱ्याचा थेंब सोडला, तोंडाजवळ धरून ऊब दिली.

“निघ माय, एकडाव निघ. शिंगं दाव.”

साहेब वाकून पाहत राहिले. भले होते, बराच वेळ थांबले. सगळं गाव श्वास रोखून त्या कणीकडं पाहत होतं. ती हलली नाही.

“मी जिवंत म्हणालो होतो, मॅडम,” साहेब हळूच म्हणाले. निघताना भिंतीकडं बघून पुंडलिकरावांना म्हणाले, “गाव मात्र फार स्वच्छ ठेवलंय तुम्ही.”

पुंडलिकराव टोपी काढून तिथंच खाली बसले.

टेकचंदला बोटही हलवावं लागलं नाही. त्यानं टेकडी फोडून नेली आणि मग दुसऱ्या तालुक्यात दुसरी घेतली. पुंडलिकरावांनी पुन्हा निवडणूक लढवली नाही. त्यांच्या घराला मरेपर्यंत चुना लागला नाही, मातीनंच सारवलं. घनश्यामनं बांधी सुकल्यावर त्याच खाणीत गिट्टी फोडली; छातीत धूळ बसून गेला. सुलोचनाबाईंनी पुढं साकोलीच्या एका मास्तरांशी लग्न केलं, पण दर श्रावणात त्या टेकड्या धुंडाळत राहिल्या. डाव्या पिळाची ती गोगलगाय त्यांना परत दिसली नाही.

कुंताबाई अजून आहे. तीजेला माहेरी मात्र ती त्यानंतर कधी गेली नाही.